गिअरबॉक्सला फुटलेला पान्हा

द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये अवजारांची उतरंड ठरलेली असते. पहिला मान फवारणीच्या ब्लोअरला. तो छपराखाली, भिंतीच्या कडेला, वर ताडपत्री. त्याच्या पंपाचं ऑइल कुणी न सांगता बदललं जातं, कारण दावण्या एका रात्रीत बाग खातो आणि सोसायटीचा हप्ता काही दावण्याला विचारून ठरलेला नसतो. दुसरा मान रोटाव्हेटरचा. तो भाड्यानं जातो, चार पैसे आणतो, म्हणून त्यालाही आडोसा. ट्रॉली, पेरणीयंत्र, झालंच तर नांगर, यांचीही कुठं ना कुठं सोय लागते. सगळ्यात शेवटी, शेडच्या बाहेर, पत्र्याच्या पागोळ्या नेमक्या जिथं पडतात तिथं, गवत कापायचा स्लॅशर.

स्लॅशरची आठवण येते ती जुलै-ऑगस्टात. एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी तयार होत असते, ऑक्टोबरची फळछाटणी अजून लांब असते आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात हरळी, लव्हाळा आणि गाजरगवत यांची सर्वपक्षीय आघाडी स्थापन झालेली असते. तणनाशकाला हात लावायचा धीर होत नाही. शेजारच्या उसात कुणी २,४-डी मारलं तरी वाऱ्यावर आलेल्या तेवढ्यानं द्राक्षाची पानं वेडीवाकडी होतात, तिथं स्वतःच्या हातानं बागेत औषध कोण सोडणार? मग मालक कमरेवर हात ठेवून म्हणतो, "तो स्लॅशर काढा रं जरा." वर्षभर पागोळ्या झेललेलं ते यंत्र मिनी ट्रॅक्टरच्या मागं जोडलं जातं, पीटीओ टाकला जातो आणि ते चक्क फिरतं. आमच्या तासगाव भागात लोखंडाच्या सहनशक्तीवर लोकांचा फार विश्वास आहे.

या यंत्राचा सगळा जीव त्याच्या डोक्यावरच्या बिडाच्या पेटीत असतो. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे आडवे देतो. पेटीतले दोन तिरप्या दातांचे गिअर ते फेरे उभे करतात, वर वाढवूनही देतात, आणि खालच्या दांड्यावर बसवलेली पाती गवताचा फडशा पाडतात. आत दोन गिअर, चार बेरिंगं आणि लिटर-दीड लिटर ऑइल, एवढाच संसार. पंप नाही, फिल्टर नाही, काटा नाही, लाल दिवा तर नाहीच. गिअरचा दात ऑइलमध्ये बुडतो आणि फिरताना ते वर उडवतो, त्यावर वरचं बेरिंग जगतं. ऑइल कमी असेल तर वरच्याच्या वाट्याला काही येत नाही. जास्त असेल तर ते घुसळून फेसाळतं, तापतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर यायला बघतं. म्हणून पेटीच्या पोटावर मधोमध एक बोल्ट दिलेला असतो. यंत्र सपाटीवर, थंड असताना तो खोलायचा. तोंडाशी ऑइल दिसलं की झालं.

हा बोल्ट बहुतेक यंत्रांवर कंपनीतून आला तसाच असतो. तो खोलायला योग्य मापाचा पाना लागतो, आणि योग्य मापाचा पाना ही वस्तू कायम चुलतभावाकडं गेलेली असते. कुणी खोलायला गेलंच तर पाइप पान्यानं जातं. पाइप पान्यानं बोल्टाचे सहा कोपरे गोल होतात आणि त्यानंतर तो बोल्ट पेटीचाच एक भाग म्हणून मान्यता पावतो.

यंत्राबरोबर एक पुस्तक आलेलं असतं. कोणतं ऑइल, किती, कधी बदलायचं, पहिलं ऑइल लवकर का काढून टाकायचं, हे सगळं त्यात छापलेलं असतं. ते पुस्तक मात्र महाडीबीटीच्या मोका तपासणीला लागेल म्हणून सातबारा, बिलं आणि बँकेच्या पासबुकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात आणि कपाटाची किल्ली आईकडं. अनुदान जमा होऊन जमाना झाला तरी पिशवी उघडत नाही. अशा परिस्थितीत गिअरबॉक्सविषयीचं ज्ञान लोकांना लोकांकडूनच मिळवावं लागतं, आणि लोक हात आखडता घेत नाहीत.

ऑइलच्या दुकानात उभं राहून बघा. गिऱ्हाइकाला हवं असतं नव्वद नंबरचं. दुकानात ते नेमकं संपलेलं असतं, किंवा पाच लिटरच्या डब्यातच असतं. मग काउंटरवर गणित सुरू होतं. इंजिनाचं ऑइल चाळीस नंबरचं, गिअरचं नव्वद. म्हणजे नव्वद दुपटीहून जाड. मग चाळीसचंच घालून वर थोडं ग्रीस सोडलं की बेरीज जमते, असं एक गिऱ्हाईक दुसऱ्याला अगदी शांतपणे समजावतं. दुकानदार बोलत नाही, त्याला दोन्ही विकायचं असतं. वास्तविक इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि गिअर ऑइलची वेगळी. दोन्ही शंभर अंश सेल्सिअसला तापवून बघितली तर चाळीस नंबरचं इंजिन ऑइल आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल यांची जाडी जवळपास सारखी भरते. खरा फरक आत मिसळलेल्या औषधांत असतो. गिअरचे दात एकमेकांवर इतक्या जोरानं दाबून घसरतात की साध्या तेलाचा पापुद्रा फाटतो. तिथं गंधक-फॉस्फरसची संयुगं लोखंडाशी रासायनिक दोस्ती करून दातांवर एक थर धरतात आणि दाताला दात भिडू देत नाहीत. डब्यावरचं ईपी ते हेच. इंजिन ऑइलमध्ये त्याऐवजी काजळी धुऊन काढणारी औषधं जास्त असतात. गिअरबॉक्समध्ये काजळी कुठून येणार? तिथं ती औषधं बिनकामाची बसून असतात.

या गंधकाचा एक दुष्परिणाम म्हणजे वास. सीलबंद डबा फोडला की नव्याकोऱ्या गिअर ऑइलला असा उग्र दर्प येतो की पहिल्यांदा घेणारा डबा परत आणतो. "हे खराब झालंय. वास मारतंय." दुकानदार सांगतो, वास येतोय म्हणजेच अस्सल आहे. गिऱ्हाइकाला ते पटत नाही, कारण दूध, मटण आणि तूर डाळ यांच्या बाबतीत त्याचा अनुभव नेमका उलटा असतो. शेवटी तो बिनवासाचं घेऊन जातो.

बिनवासाचं म्हणजे पुष्कळदा ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं काळं ऑइल. ते फेकून देणं हे आमच्याकडं पाप समजतात. ते धोतराच्या फडक्यातून गाळून बाटलीत भरून ठेवतात. दाराच्या बिजागरीला, विहिरीच्या रहाटाला आणि बैलगाडी होती तेव्हा तिच्या आसाला ते चालायचं, म्हणून गिअरबॉक्सलाही चालेल, असा या मागचा युक्तिवाद. चालतंही, आवाज सुरू होईपर्यंत.

काटकसरीचा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. पेटीत मावतं दीड लिटर आणि डबा आणलेला असतो दोन लिटरचा. उरलेलं अर्धा लिटर कुठं ठेवायचं? घरात ठेवलं तर पोरं सांडतात, शेडमध्ये ठेवलं तर कुणी उचलून नेतं. त्यापेक्षा पेटीतच सुरक्षित. "जास्त झालं तर बिघडतंय का काय?" म्हणत सगळं आत जातं. यंत्र तासभर चालून तापलं की ते अर्धा लिटर पेटीच्या माथ्यावरच्या एका बारक्या टोपणातून फुरफुरत बाहेर येतं आणि इथून खरी गुंतागुंत सुरू होते.

ते टोपण म्हणजे ब्रीदर. अंगठ्याएवढा बोल्ट, त्याला सुईएवढं भोक. पेटी तापली की आतली हवा फुगते, ती या भोकातून बाहेर जाते. पेटी निवली की बाहेरची हवा आत येते. या बोल्टाचं काम एवढंच. पण त्यातून ऑइल उडताना दिसलं की मालकाचा संताप होतो. एवढ्या पैशाचं ऑइल आणलं आणि त्याला भोक कुणी ठेवलं? मग ब्रीदर काढून तिथं भरीव बोल्ट ठोकला जातो. काही जण पेरूच्या फांदीची खुंटी मारतात. ऑइल उडायचं थांबतं, मालक खूश होतो. आतल्या हवेला आता जायला वाट नसते. दाब वाढतो आणि जिथं सगळ्यात मऊ जागा सापडते तिथं, म्हणजे दांड्याभोवतीच्या ऑइलसीलवर, येऊन बसतो.

ऑइलसील म्हणजे रबराची एक पातळ ओठाळी आणि तिला दांड्याशी धरून ठेवणारी करदोट्याएवढी स्प्रिंग. उडणारे थेंब अडवणं तिला जमतं. आतून दाब आला की ओठाळी उचलली जाते आणि ऑइल खाली ठिबकू लागतं. आता सगळे म्हणतात, सील गेलं. नवीन सील बसतं. आठवड्यानं तेही गेलं. मग दुकानदाराच्या नावानं शिमगा, डुप्लिकेट माल देतो म्हणून. मग दुसऱ्या दुकानातलं सील. माथ्यावर पेरूची खुंटी मजेत बसलेली असते, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

ब्रीदर बंद पडायचं दुसरं कारण धार्मिक आहे. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा होते आणि पूजेच्या आदल्या दिवशी सगळी अवजारं धुतली जातात. स्लॅशरला वर्षातून एकदा माणसांत येण्याची ही संधी. नेमका त्याच दिवशी सकाळी बागेत शेवटचा हात मारलेला असतो, त्यामुळं गिअरबॉक्स हात लावू देत नाही इतका तापलेला असतो. त्यावर फवारणीच्या पंपाची गन लावून गार पाण्याचा सपकारा मारतात. तापलेली पेटी गपकन निवते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या भोकातून पाणी ओढून घेते. मग स्प्रे पेंटचा डबा निघतो. दोन हात लाल रंग मारला की यंत्र नवरीगत दिसतं आणि ब्रीदरचं भोक त्या रंगाखाली कायमचं मिटतं. म्हणजे आधी पाणी आत घ्यायचं, मग बाहेर पडायची वाट लिंपायची, वर हळद-कुंकू वाहायचं आणि पीटीओच्या दांड्याला झेंडूची माळ बांधायची. माळ सोडवून कुणी ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालू केला की झेंडू तीन गुंठ्यांत उधळतो आणि दोरा दांड्यावर राहतो.

महिनाभरानं पेटी उघडली की आत दूध. अगदी साईच्या दुधाच्या रंगाचं, घट्टसर, बोटाला चिकटणारं. पाणी आणि ऑइल गिअरनं एवढं घुसळलेलं असतं की कुठं काय संपतं ते कळत नाही. आमचे दाजी ते बघून म्हणाले, "ऑइल फाटलं." त्यांचा डेअरीला दूध घालायचा धंदा, त्यामुळं हा शब्द त्यांच्या तोंडून एकदम निदानासारखा वाटला. उपायही त्यांनी सांगितला : जरा वेळ चालवून तापवा, पाणी उडून जाईल. कुठून उडून जाईल, ते दाजींनी सांगितलं नाही. खरा उपाय सगळं काढून टाकण्याचा. यंत्र थोडं चालवून कोमट करायचं म्हणजे ऑइल पातळ होऊन पुरतं निघतं. तळाचा बोल्ट खोलायचा, डिझेलनं खळबळून काढायचं, तेही निथळू द्यायचं, मग नवीन भरायचं आणि पाणी आलं कुठून त्या वाटेचा बंदोबस्त करायचा. यातलं डिझेलनं खळबळणं तेवढं सगळ्यांना आवडतं. बाकीचं राहतं.

दाजींचा दुसरा पंथ ग्रीसचा. गळतंय ना, मग ऑइल घालताच कशाला? पेटी ग्रीसनं गच्च भरा, ग्रीस गळत नाही. गोष्ट खरी आहे, ते गळत नाही. ते हलतही नाही. गिअर पहिल्या दोन-चार फेऱ्यांत ग्रीस कडेला फेकतो, स्वतःपुरता बोगदा कोरून घेतो आणि त्या कोरड्या बोगद्यात फिरत राहतो. ग्रीस भिंतीला चिकटून हा सोहळा बघत बसतं. वरच्या बेरिंगापर्यंत काही पोचत नाही, आणि दातांची उष्णता वाहून नेणारंही कुणी उरत नाही. गिअरबॉक्ससाठी मुद्दाम केलेलं, सैल, ओघळणारं ग्रीस बाजारात असतं, ती गोष्ट निराळी. दाजींचं ग्रीस चाकाच्या बेरिंगाचं होतं.

मिस्त्री आला की वातावरण बदलतं. आमच्या भागातला मिस्त्री प्रथम काही बोलत नाही. तो तंबाखू थुंकून येतो, तळाचा बोल्ट अर्धा सैल करतो आणि पहिली धार चिमटीत धरतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात ऑइल चोळत चोळत ते उन्हात धरतो. मग नाकाला लावतो. जळका, आंबूस वास आला तर मान हलवतो. पेटी तापून ऑइल करपलेलं असतं. चोळताना बारीक राखाडी मळी लागली तर तो खांदे उडवतो, नवीन यंत्रात सुरुवातीला एवढी झीज व्हायचीच. पण नखाखाली काही टोचलं तर तिथंच थांबतो. बोल्टाला चुंबक असेल तर त्याला चिकटलेला लोखंडाचा कपचा तळहातावर घेऊन मालकापुढं धरतो आणि फक्त एवढंच म्हणतो, "दात हाय ह्यो." गर्दीतले चारपाच जण तो कपचा पुढं येऊन बघून जातात. यानंतर बिलाबद्दल कुणी घासाघीस करत नाही.

खालचं सील बघायला पाती काढावी लागतात. तिथं द्राक्षबागेचा सगळा इतिहास गुंडाळलेला असतो. काडी तारेला बांधायची सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा, मंडपाच्या तारेचं टोक, खताच्या पोत्याचा धागा. हे सगळं फिरत्या दांड्याला लपेटत लपेटत वर सरकतं आणि सीलच्या ओठाळीत घुसतं. घासून गरम होतं, रबर कापतं, वर ऑइल पिऊन घट्ट होतं. मिस्त्री विळ्याच्या टोकानं एकेक पदर सोलत होता आणि शेवटी हाताला लागली एक जांभळी चिंधी. वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या वाकल्या.

"अहो, ही तर माझी साडी!"

रानडुकरांसाठी बांधाला साड्या लावायची पद्धत आहे, आणि जुन्या कुठल्या व नव्या कुठल्या हा निर्णय घाईत घेतलेला असतो. त्यानंतर पाऊण तास गिअरबॉक्सवर चर्चा झाली नाही.

सील आणायला जायचं तर जुनं सील बरोबर न्यायचं. त्याच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात : दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. एवढं वाचता आलं की यंत्राचं नाव, कंपनी, साल काही सांगायची गरज नाही. पण मिस्त्रीनं सील काढताना छिन्नी नेमकी त्या आकड्यांवरच चालवलेली असते. मग दुकानदार नुसत्या नजरेनं माप सांगतो, गिऱ्हाईक "जरा मोठं वाटतंय" म्हणतं, आणि दोघंही सीलमधून आरपार एकमेकांकडं बघतात. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडं ठेवायची. उलटं बसवलेलं सील बाहेरून तितकंच सुंदर दिसतं. आणि दांड्यावर जुन्या ओठाळीनं घासून खाच पाडली असेल तर नवीन सील बसवूनही थेंब पडतोच. तिथं सील मिलिमीटरभर मागंपुढं बसवलं की ओठाळीला कोरी जागा मिळते. जे लोक बाहेरून एम-सील थापतात किंवा अंगाचा साबण चोळतात, त्यांच्या श्रद्धेविषयी काही बोलायचं नाही. डिझेलच्या टाकीला साबण धरतो हे खरं आहे, फिरत्या दांड्याला तो कसा धरणार हे साबणालाच ठाऊक.

सगळ्यात बिकट गळती मात्र पुढच्या बाजूची, जिथं ट्रॅक्टरचा पीटीओ आणि स्लॅशरचा दांडा समोरासमोर येतात. तिथं ऑइल दिसलं की ते कुणाचं, यावर बांधाच्या भांडणाइतका घोळ होतो. ट्रॅक्टरचा मिस्त्री येतो, बघतो आणि म्हणतो, अवजाराचं आहे. अवजाराचा मिस्त्री येतो, म्हणतो, ट्रॅक्टरच्या पीटीओचं सील गळतंय, वरून थेंब पडतोय, माझी पेटी बिचारी भिजतेय. दोघंही बोट लावून वास घेतात. ट्रॅक्टरच्या मागल्या भागातलं ऑइल पातळ, हायड्रॉलिकलाही तेच वापरलेलं, वास सौम्य. स्लॅशरचं चिकट आणि गंधकाचं. फडक्यानं दोन्ही बाजू कोरड्या पुसून, पाच मिनिटं चालवून बघितलं तर निकाल लागेल, पण फडकं आणायला कुणी उठत नाही. आण्णा, म्हणजे शेजारच्या बागेचे मालक, खुर्ची ओढून बसतात आणि दोन्ही बाजू ऐकून घेतात. कंपनीच्या लोखंडात राम राहिला नाही यावर एकमत होतं. ड्रायव्हर यंत्र आदळतो, यावर त्याहून लवकर होतं.

ड्रायव्हर तेवढ्यात डबा हातात घेऊन येतो. गोतावळा बघून बिचकतो.

"काय झालं?"

"ऑइल गळतंय."

"हितलं?" तो वाकून बघतो. "ते व्हय. मगाशी ब्लोअरच्या पंपात घालताना सांडलं माझ्याकडनं. तुम्ही उठा, मी पुसतो."

दोन्ही मिस्त्री आपापलं यायचं भाडं घेऊनच गेले.